हमीदाबीच्या पोटातला मान

आमच्या दवाखान्यात पोट समजावून सांगायला मी गरम पाण्याची पिशवी वापरायचे. लाल, रबरी, कंबर धरल्यावर शेकायला घेतो ना, तीच. तिला कपडे वाळत घालायचे चिमटे लावायचे आणि खाली सायकलची जुनी ट्यूब जोडायची. पिशवी म्हणजे जठर, ट्यूब म्हणजे आतडं. ट्यूब आमच्या मिस्टरांच्या दुकानातली. सांगलीत त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. पहिल्यांदा मागितली तेव्हा म्हणाले, "थांब, पंक्चर काढून देतो. नाहीतर पेशंटला वाटायचं, डॉक्टरांचंच काम गळतंय."

मी त्या दवाखान्यात आया म्हणून लागले आणि मावशी म्हणून रिटायर झाले. शिक्षण म्हणाल तर सातवी. बाकी सगळं बघून बघून आलं. ड्रेसिंगचा ट्रे धरायचा, पेशंटचं ताट बघायचं आणि डॉक्टर काय बोलून गेले ते पेशंटला परत सांगायचं. हे तिसरं काम कुणी मला दिलं नव्हतं. पण डॉक्टर राउंड घेऊन गेले की सगळा वॉर्ड माझ्याकडे तोंड करायचा, "मावशी, काय म्हणालं वो सायेब?" मग सांगायला नको?

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं असतील. आमचे डॉक्टर बाहेर जाऊन वजन उतरवायची ऑपरेशनं शिकून आले. तोवर आमच्याकडे अपेंडिक्स, हर्निया, मूळव्याध, असला नेहमीचा बाजार. वजनासाठी कुणी पोट कापून घेईल हे मला खरंच वाटलं नव्हतं. पण लोक आले. थोडेच आले, पण जे आले ते भारी आले. आणि त्यांना नुसतं ऑपरेशन नव्हतं करायचं, कुठलं करायचं ते निवडायचं होतं.

तेव्हा आमच्याकडे तीन तऱ्हा होत्या. आता शास्त्र कुठल्या कुठे गेलं, तेव्हा माझ्या सांगण्यावर जाऊन कुणी पोट कापून घेऊ नका हो. पहिली तऱ्हा टाक्यांची. जठराचा वरचा भाग पिना मारून वेगळा काढायचा, म्हणजे पोटाची वाटी होते. चार घासांत भरते. दुसरी पट्ट्याची. पिना नाहीत, जठराच्या गळ्याला पट्टा घालायचा. तो कातडीखालच्या बटणात सुई घालून आवळता येतो, सैल करता येतो. तिसरी बायपास. ही समजावायला सोपी. हमरस्ता गावात न शिरता बाहेरून जातो की नाही, तसं अन्न बरंचसं जठर आणि थोडं आतडं टाळून पुढे जातं. सगळ्यात मोठं ऑपरेशन हेच, आणि गोळ्या जन्मभर.

पट्ट्याचं नाव ऐकून लोणंदचे एक शेठ खूश झाले होते. कांद्याचे व्यापारी. आमच्या वजनकाट्याचा काटा टोकाला जाऊन थांबला तेव्हा म्हणाले, "मावशी, त्याला कशाला त्रास देता? मी आमच्या कांद्याच्या काट्यावर करून आलोय." पट्टा सैल करता येतो म्हटल्यावर त्यांनी डॉक्टरांना गंभीरपणे विचारलं, "म्हणजे लग्नसराईत ढिला आणि श्रावणात आवळ, असं जमेल?"

डॉक्टर म्हणाले, "शेठ, हा पट्टा पोटासाठी आहे, पंचांगासाठी नाही."

टाक्यांचं ऑपरेशन कडेगावच्या एका पैलवानाला छान लागू पडलं. त्यांची तालीम सुटली होती, खुराक सुटला नव्हता. गोडाची आवड नाही, पण भाकरी आणि मटण म्हणजे ढीगच. पोट लहान केल्यावर वजन झरझर उतरलं. पैलवान खूश, पण बायको डोळ्याला पदर लावून माझ्याकडे आली. "मावशी, आयुष्यभर टोपलंभर भाकऱ्या थापल्या. आता ह्यो गडी पाव भाकरी खाऊन उठतोय. मी दिवसभर करू तरी काय?" याचं उत्तर मला पिशवी-चिमट्यात सापडलं नाही. अजून नाही सापडलेलं.

तर डॉक्टरांचं गणित असं, की जो ढीगभर खातो त्याला टाके. ज्याचं वजन गोडावर आणि पातळ पिण्यावर आहे त्याला टाके उपयोगाचे नाहीत, कारण पातळ पदार्थ वाटीतून खाली निसटतो. त्याला बायपास. म्हणून पेशंटला ते आधी काही दिवस ठेवून घेत, श्वासाचे व्यायाम करून घेत, आणि मला सांगत, "मावशी, ताटावर लक्ष ठेवा."

अशा वेळी हमीदाबी आली.

कोरेगावची बांगडीवाली. वय माझ्याच आसपास, चेहरा गोल, हसरा, आणि चालणं असं की दोन पावलांवर थांबून गुडघ्याला शिव्या. मुलगा आखातात फिटर, त्यानं हट्ट धरून पाठवलेली. येताना कपड्यांची पिशवी एक आणि बांगड्यांचं बोचकं हे मोठं.

"हे कशाला आणलंत दवाखान्यात?" मी विचारलं.

"आवं, ह्याच्याबिगर मला झोप येत न्हाई. आनि तुमचं हात असं रिकामं का? नवरा हाय न्हवं?"

"आहे की. सायकलची पंक्चरं काढतो. पण ड्रेसिंगला हात लावणाऱ्या बाईनं बांगडी घालायची नाही, असा डॉक्टरांचा नियम आहे."

"कसला बाई नियम," ती माझं मनगट धरून बघायला लागली. "हात लय मऊ हाय. सव्वादोनचा माल सरकंल." नोकरीला लागल्यापासून माझ्या हातात काच नव्हती. माप मात्र तिनं बरोबर ओळखलं.

माझी नणंद कोरेगावात दिलेली आहे म्हटल्यावर तर ती कॉटवर सरळ बसली. "वंदनावैनी? पेठंतल्या? आवं ते माझंच घर!" माझं घर म्हणजे तिनं बांगड्या भरायचं घर. अशी घरं ठरलेली असतात. हमीदाबीला ती सासूनं दिलेली, सासूला तिच्या सासूनं.

आणि तीच घरं आता सुटायला लागली होती. बांगड्या भरायच्या तर मांडी घालून जमिनीवर बसावं लागतं. समोरच्या बाईचा हात आपल्या गुडघ्यावर घ्यायचा, बोटं चुरून चुरून मऊ करायची, मग बांगडी सरकवायची. हमीदाबीला खाली बसता येईना. बसली तर उठता येईना, दोघी-तिघींनी ओढून काढावं लागे. मग लोक तिला खुर्ची द्यायला लागले. खुर्चीवर बसून भरायचं म्हणजे बाईचा हात अधांतरी. एका लग्नघरात नवरीच्या हातावर हिरवा चुडा भरताना तिच्याकडून ओळीनं बांगड्या पिचल्या. पुढच्या लग्नाला त्या घरानं साताऱ्याहून दुसरी बाई आणली.

"सुलूबाई," ती मला म्हणाली, "मला बारीक व्हायचं न्हाई. मला खाली बसायचंय. तेवढं करा, बास."

मी तिच्या ताटावर लक्ष ठेवलं. दीड भाकरी वाढली तर अर्धी परत. भात चमचाभर. गोड म्हटलं की मान हलवायची. चहा घरी एकदाच, सकाळी. सोबत आलेल्या तिच्या मुलीनंही तेच सांगितलं. मला वाटलं, ही बाई हवा पिऊन फुगली की काय! डॉक्टरही कोड्यात. शेवटी म्हणाले, गोड खात नाही ना, मग टाकेच घालू. ऑपरेशनचा दिवस ठरला.

आदल्या दुपारी डॉक्टर चष्मा विसरला म्हणून अवेळी वॉर्डात आले, आणि दारातच उभे राहिले. मी त्यांच्या मागे.

काय दिसावं? आख्खा बायकांचा वॉर्ड सणासारखा नटलेला. हमीदाबी स्टुलावर बसून अपेंडिक्सच्या पोरीला बांगड्या भरतेय, आधीच्या तीन कॉटवरच्या बायका हात पुढे करून किणकिण करतायत. आणि लॉकरवर बशा. पोरीच्या आईनं थर्मासमधून बशीत चहा ओतला, हमीदाबीनं भुरका मारून संपवला, आणि पलीकडच्या कॉटवरच्या आजीची सून लगेच दुसरी बशी घेऊन उभी.

डॉक्टर म्हणाले, "हमीदाबी, कितवा?"

"कितवा काय, सायेब?"

"चहा!"

ती हसली. खरंच हसली, जराही चोरटेपणा नव्हता त्यात. "ह्यो व्हय? ह्यो चा न्हाई सायेब. ह्यो मान हाय."

आता हे आमच्याकडच्या बायकांना सांगावं लागत नाही. बांगड्या भरून झाल्या की आपण बांगडीवालीला वाकून नमस्कार करतो, आणि तिला कोरड्या तोंडानं कधी जाऊ देत नाही. साखर जास्त घालतो, हात आखडला असं दिसायला नको. हमीदाबी सकाळी निघायची ती संध्याकाळी परतायची. जितकी घरं तितके चहा. पण "दिवसात किती चहा पिता" म्हणून विचारलं की तिच्या डोक्यात घरचा एकच यायचा. बाकीचा तिनं कधी प्यालाच नव्हता, तो तिला वाहिलेला होता.

डॉक्टर स्टूल ओढून तिच्यासमोर बसले. "मान पोटात गेला की त्याची साखरच होते, हमीदाबी. उद्याचं ऑपरेशन रद्द."

मग मी पिशवी आणली. चिमटे लावले, मध्ये करंगळीएवढी वाट ठेवली. वरून भाकरीचा तुकडा टाकला, तो अडकला. त्याच लॉकरवरचा चहा ओतला, तो सुर्रकन खाली. वॉर्डातल्या सगळ्या बायका माना उंच करून बघतायत. "हे टाके. भाकरी अडवतील, चहा अडवणार नाहीत. पट्ट्याचं पण तसंच."

"आनि बायपास?"

ते डॉक्टरांनी सांगितलं. "बायपासनंतर एवढी साखर एकदम प्यायलात तर ती थेट आतड्यात जाईल. छाती धडधडेल, घाम फुटेल, गरगरेल, आडवं व्हावं लागेल. म्हणजे शरीरच नको म्हणेल. वजन मात्र उतरेल."

हमीदाबीनं चिमट्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "म्हंजे पैल्यात मान ऱ्हातोय, वजनबी ऱ्हातंय. दुसऱ्यात दोनीबी जातंय."

डॉक्टर हसले. "बिनसाखरेचा मागा की."

"कुनाच्या दारात जाऊन मी साखर नगं म्हणू, सायेब?"

"मग घरी जा, विचार करून या," ते म्हणाले.

ती बोचकं बांधायला लागली तेव्हा मी जवळ गेले. म्हटलं, हमीदाबी, एवढं काय त्या चहाचं? नको म्हणावं सरळ, डॉक्टरांनी बंद केलाय म्हणावं.

तिनं गाठ मारली आणि हळू आवाजात सांगितलं, "माझ्या सासूची कपबशी वेगळी असायची, सुलूबाई. वळचणीच्या कोनाड्यात, कान तुटलेली. चा पिऊन तिनं सवता धुवून पालथी घालायची. तुमच्या नणंदंच्या घरीबी व्हती ती. मी आले तवा पैली काई वर्सं मीबी त्याच कपात पिले. मग कवा कुनी बदललं, कळलंबी न्हाई. एक दिवस वैनीनं घरातल्या कपात दिला. आता त्यो कप मी नगं म्हणू? त्यांना वाटायचं, हिलाच आमचा चालंना."

मी रिक्षापर्यंत बोचकं धरलं, एवढंच केलं.

ती परत येणार नाही असं मी धरून चालले होते. पण संक्रांत झाल्यावर आली. बायपास करा म्हणाली. संक्रांतीला म्हणे सगळ्यात जास्त घरं असतात, आणि त्या दिवशी एका ओट्यावरून तिला उठवताना घरातली गरोदर सून पुढे झाली होती. "तिला काय झालं असतं तर? मान गेला तर जाऊ द्या सायेब, माझ्यापायी कुनाच्या घरात वाईट नगं."

ऑपरेशन नीट झालं. पुढचे दिवस काही नीट नव्हते, खोटं कशाला सांगू. ओकाऱ्या, अशक्तपणा, केस मूठमूठ गळायचे. वाटीभर पेजेकडे बघून रडायची. मी चेष्टा करायचे, "केस गेले तर जाऊ देत, बांगड्या काय डोक्यावर घालतात?" मग रडता रडता हसायची. वजन उतरत गेलं. पहिल्या तपासणीला आली तेव्हा बाकड्यावरून एकटी उठली.

दुसऱ्या तपासणीला आली ती तोंड पाडून.

"काय झालं?"

"आवं काय सांगू! पैलंच घर. बाई म्हणली, किती दिसांनी आलीस, घे. तिचं तोंड बघून घेतला कपभर. बांगड्या भरायला घेतल्या आनि गडगड गडगड छाती. पानी पानी झालं अंगाचं. आडवी झाले तिथंच ओट्यावर. सगळी गल्ली गोळा. कुनी कांदा हुंगवतंय, कुनी वारा घालतंय. एक म्हातारी म्हणतीय, नजर लागली, बारीक झाली न्हवं! त्या दिसापासनं मी घरंच बंद केल्याती."

"अहो, खाली बसायसाठी तर केलंत हे सगळं!"

"बसता येतंय की. घरात एकटीच बसतीय खाली. चांगली मांडी घालून," ती म्हणाली, आणि स्वतःच स्वतःला हसली. ते हसणं मला आवडलं नाही.

डॉक्टरांना सांगितलं तर त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मावशी, यावर माझ्याकडे ऑपरेशन नाही," म्हणाले.

पुढच्या तपासणीला ती आलीच नाही. नेमकं उन्हाळ्यात वंदनाच्या, म्हणजे माझ्या नणंदेच्या, पोरीचं लग्न निघालं. डॉक्टरांनी रजा दिली ती सुद्धा कामाला लावून. "कोरेगावला जाताय, तर हमीदाबीला शोधून या. गोळ्या घेते का बघा."

शोधायची वेळच आली नाही. चुड्याच्या दिवशी मी आत पुऱ्या लाटत होते आणि सोप्यातून आवाज आला, "हात सैल सोड की गं बये! नवऱ्याशी भांडाय चाललीयस का लग्नाला?"

मी पिठाच्या हातानं बाहेर. सोप्यात, जमिनीवर अंथरलेल्या चवाळ्यावर हमीदाबी. मांडी घातलेली, नवरीचा हात गुडघ्यावर, निम्मी झालेली आणि दुप्पट बडबडणारी. मला बघून नुसती भुवई उडवली. कामात होती ना.

तेवढ्यात वंदनानं चहा आणला. घरातला कप, नव्या सेटमधला. माझा जीव वर. हातातलं लाटणं टाकून मी पुढे होणार, तर हमीदाबीनं कप घेतला, ओठाला टेकवला, इवलासा घोट घेतला आणि तसाच कप नवरीच्या तोंडाशी धरला. "आता तू पी. चा पोटात गेला की हात सैल पडतोय. बांगडी फुटत न्हाई."

पोरगी प्यायली. तोवर हमीदाबीनं तिची बोटं चुरली आणि बांगड्या एकामागून एक सरकवल्या. एकही पिचली नाही. चहाचा गुण की तिच्या गुडघ्याचा, मला विचारू नका.

"हे कुठलं शास्त्र?" मी कानात विचारलं.

"माझंच. दोन म्हैनं झालं. कोरेगावात आता असंच भरत्यात," ती तोंड न हलवता म्हणाली.

नवरीनंतर करवल्या, करवल्यांनंतर वंदना. दर खेपेला नवा कप, हमीदाबीचा घोट, उरलेला जिचा हात तिच्या पोटात. शेवटी वंदनाच्या सासूबाई, थोरल्या काकी, भिंतीला धरून आल्या आणि बसल्या. त्यांचं वय ऐंशीच्या घरात. त्यांच्या पाठीमागे, दाराबाहेर वळचणीचा तो कोनाडा मला दिसत होता. त्यात कुणीतरी काड्यापेटी ठेवली होती.

चहा आला. हमीदाबीनं घोट घेतला, आणि पहिल्यांदाच तिचा हात जरा थबकला. कप मधेच.

थोरल्या काकी म्हणाल्या, "आन की हिकडं. माझं हात काय कमी ताठल्यात?"

त्यांनी दोन्ही हातांनी कप धरला आणि तळाची साखर बोटानं पुसून घेईपर्यंत प्यायल्या. बांगड्या भरून झाल्यावर वाकून नमस्कारही केला. हमीदाबीनं बोचक्यात उगीचच काहीतरी शोधायला सुरुवात केली.

मग ती उठायला लागली. मी सवयीनं हात पुढे केला, तिला ओढून काढायला. ती गुडघ्यावर हात ठेवून एका दमात उभी राहिली. माझा हात तसाच पुढे. तिनं तो धरला, परत खाली बसली, आणि मलाही बसवलं.

"आज कुठं हाय तुमची ड्युटी?"

"अगं, पण परवा..."

"परवाचं परवा. वैनी, एक चा आना. साखर जास्त."

सांगलीला परत आले ती हातभर हिरव्या बांगड्या घालून. काढायच्या होत्याच, नियम तो नियम. पण सकाळी न्हाणीघरात काढायला म्हणून साबण लावला आणि नुसते हात धुऊन तशीच गेले. डॉक्टर राउंडला आले. मी म्हटलं, हमीदाबी गोळ्या घेते, खाली बसते, आणि चहा कसा वाटून टाकते तेही सांगितलं. ते हसून हसून खुर्चीत बसले. "म्हणजे तिची साखर ती कोरेगावच्या बायकांना पाजते! मावशी, आता तिथले पेशंट वाढणार आपले." मग त्यांचं लक्ष माझ्या मनगटाकडे गेलं.

"हे काय हातात?"

"मान आहे, साहेब."

"आजच्या दिवस ट्रेला हात लावू नका," म्हणाले, आणि ट्रे स्वतः उचलून पुढच्या कॉटकडे गेले.